आपले दप्तर आपल्या हाती : संगणकीय कागदपत्रांच्या जतनाचा एक पाठ

मराठीत ‘दप्तर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. विद्यार्थ्याच्या खांद्यावर असते तेही दप्तर आणि कचेरीतील कागदपत्रांचा संग्रह तेही दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर जपले गेले, म्हणून अठराव्या शतकातील कारभार आज आपल्याला वाचता येतो. ज्यांना दप्तर राखण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचा इतिहास मात्र इतरांनी लिहिलेल्या कागदांतून शोधावा लागतो. आपल्या समाजाला कागदाचे मोल याहून अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता हे कागद बहुतांशी संगणकात आणि मोबाइलमध्ये असतात. परंतु ते खरोखर तेथे असतात का? पुष्कळ वेळा ते आपल्या यंत्रात नसून दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रात असतात आणि याची आपल्याला कल्पनाही नसते. या विषयाचा थोडा अभ्यास माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मांडावा, असे आम्हांस वाटते.

कागदाचे मोल

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख निर्णायक मानली जाते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा आहेत. त्यापूर्वीचा पुरावा म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. जीर्ण झालेला हा एक कागद नातवाच्या जात पडताळणीला, पर्यायाने त्याच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला आधार देतो. त्याचे छायाचित्र काढून आपण निश्चिंत होतो. पण ते छायाचित्र कोठे राहिले, हे विचारीत नाही.

दाखल्यांइतकेच मोल आठवणींचे आहे. वसतिगृहातील स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, धम्मदीक्षेच्या सोहळ्याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या या गोष्टी एकदा गेल्या की कोणत्याही कार्यालयात अर्ज करून परत मिळत नाहीत.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. ती दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवरील भाड्याची जागा होय. ही सोय निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप एवढाच, की आज ती न विचारता आपल्यावर येते.

विंडोज ११ असलेला नवा संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी जोडले जातात. तेथील विनामूल्य जागा ५ जीबी असते. ती भरली की नव्या फाइली वर जाणे थांबते आणि पैसे भरण्याच्या सूचना येऊ लागतात. वर्डमध्ये नवी फाइल मुळातच क्लाउडवर साठविण्याची पद्धत आणण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये जाहीर केले. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा मिळते, परंतु ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते. गुगल फोटोजमधील छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्येही ५ जीबीच विनामूल्य असतात.

वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलशेजारी निळ्या ढगाचे चिन्ह दिसले, तर ती फाइल आपल्या संगणकात नाही असे समजावे. दिसते ते केवळ तिचे नाव. इंटरनेट नसेल, तर ती उघडणार नाही. हिरव्या बरोबरच्या खुणेचा अर्थ ती प्रत्यक्ष संगणकावर उतरलेली आहे असा होतो. फाइलवर उजवे बटण दाबून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडला की ती कायम आपल्या यंत्रातही राहते.

धोके कोणते?

पहिला धोका गैरसमजाचा. क्लाउडशी जुळलेला फोल्डर हा आरसा आहे, तिजोरी नव्हे. एका ठिकाणी फाइल पुसली की ती सर्व ठिकाणांहून पुसली जाते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, त्यानंतर ती मिळत नाही. गुगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ हे बटण मोबाइलमधील मूळ छायाचित्रे काढून टाकते. मग उरते ती फक्त क्लाउडवरील प्रत.

दुसरा धोका खात्याचा. पासवर्ड विसरला, जुना मोबाइल क्रमांक बंद पडला किंवा खातेदाराचे निधन झाले, की दार बंद होते. दोन वर्षे वापर न झालेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने आखले असून त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. आजोबांच्या नावाने उघडलेले व नंतर कोणी न पाहिलेले खाते अशा वेळी काय होईल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

तिसरा धोका सेवाच बंद पडण्याचा. आपल्यापैकी अनेकांनी महाविद्यालयीन काळात ज्यावर छायाचित्रे ठेवली, ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. याहू ग्रुप्सवरील साठविलेला मजकूर त्याच वर्षाच्या अखेरीस काढून टाकण्यात आला.

चौथा धोका अपघाताचा. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली जेथे साठविल्या जात होत्या, ती जी-ड्राइव्ह ही यंत्रणा नष्ट झाली. तिची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. इतक्या प्रगत देशाच्या शासनालाही एकाच जागेवरचा विश्वास भोवला.

जुनेच तत्त्व

दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, ही शिकवण संगणकापेक्षा फार प्राचीन आहे. मुखपाठाने जपलेले पाली त्रिपिटक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेतील अलुविहार येथे ग्रंथबद्ध झाल्याची परंपरा आहे. पुढे भारतात ती परंपरा लोपली. परंतु श्रीलंका, ब्रह्मदेश व सयाम येथील विहारांतून ताडपत्रांवर नकला होत राहिल्या, म्हणून तो ग्रंथराशी आज आपल्याला वाचता येतो. ताडपत्रे टिकाऊ नव्हती. नकला करणारी माणसे टिकून राहिली.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हेच तत्त्व ‘३-२-१’ या सुटसुटीत सूत्रात मांडले : महत्त्वाच्या फाइलीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी १ घराबाहेर.

घरी काय करावे?

१. संगणकात वनड्राइव्हच्या कक्षेबाहेर, शक्यतो ‘डी’ ड्राइव्हवर, ‘घरचे दप्तर’ या नावाचा फोल्डर करावा. त्यात दाखले, शिक्षण, जमीन व घर, आरोग्य, छायाचित्रे असे पाच उपविभाग पुरेत.

२. वर्डच्या पर्यायांत ‘सेव्ह’ या भागात जाऊन ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ या ओळीपुढे खूण करावी. त्यामुळे नव्या फाइली प्रथम संगणकात साठतील.

३. वनड्राइव्हची फोल्डर-जोडणी बंद करण्यापूर्वी सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि त्यांची प्रत अन्यत्र करावी. आधी बंद आणि मग शोधाशोध, असा उलटा क्रम नसावा.

४. गुगलच्या खात्यातील सर्व सामग्री ‘टेकआउट’ या सोयीने एकत्र उतरवून घेता येते. वर्षातून एकदा हे काम करावे.

५. फाइलीच्या नावात वर्ष प्रथम लिहावे, उदा. ‘१९८७-आजोबा-शाळा-दाखला’. आपोआप पडलेल्या आकड्यांच्या नावांवरून दहा वर्षांनी काहीच सापडत नाही.

६. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी, दर महिन्याला प्रत करावी आणि काम होताच ती काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. पावसाळ्यात ती दमट भिंतीच्या कपाटात ठेवू नये. पेनड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक, दीर्घकाळच्या साठवणीसाठी नव्हे.

७. दुसरी डिस्क विश्वासू नातेवाइकाकडे, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी. आधार, बँक यांच्या कागदांसाठी डिस्कला पासवर्ड असावा आणि तो घरातील आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावा.

८. दर सहा महिन्यांनी चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

मराठी मजकुराची विशेष काळजी

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या पत्रिका, स्मरणिका, हस्तलिखिते श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये आणि पेजमेकरमध्ये टंकलिखित झाली. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल निरर्थक अक्षरांचा ढीग होते. म्हणजे फाइल सुरक्षित असूनही मजकूर हरवतो. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांची पीडीएफ प्रत करावी आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावा. सीडीवर असलेली सामग्रीही आताच उतरवून घ्यावी. नव्या लॅपटॉपना सीडी घालण्याची जागाच नसते.

क्लाउडचे योग्य स्थान

क्लाउड पूर्णपणे टाळावा, असा आमचा आग्रह नाही. पूर, आग, चोरी यांत घरातील सर्व प्रती जाऊ शकतात. तेव्हा दूरची ती प्रत उपयोगी पडते. डिजीलॉकरमध्ये शासकीय यंत्रणेने थेट दिलेल्या कागदपत्रांना मूळ कागदाइतकीच कायदेशीर मान्यता आहे. मात्र आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे चढविलेल्या प्रतीस ती मान्यता नाही, हा भेद लक्षात ठेवावा. तसेच स्कॅन केले म्हणून मूळ कागद फेकू नये. पडताळणी समिती मूळ कागद पाहण्यास मागू शकते. सारांश, क्लाउड ही तिसरी प्रत असावी, एकमेव प्रत नसावी.

एक विनंती

ही स्मरणिका वाचून झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी एकत्र बसावे. घरातील सर्वांत जुना दाखला, सर्वांत जुने छायाचित्र आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा आवाज या तीन गोष्टी कोठे आहेत, ते शोधावे आणि त्यांच्या तीन प्रती कराव्यात. खर्च एका हार्ड डिस्कचा आणि श्रम एका दिवसाचे. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनाच हे काम सोपवावे. संगणक त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो आणि कागद कोणाचा, कशाचा, हे विचारताना त्यांना आपल्या घराण्याचा इतिहासही कळेल.