गीता २.५४ : बघून माणूस कळतो का?



अर्जुनाचा आजचा प्रश्न अगदी आपल्यासारखा आहे. स्थितप्रज्ञ ओळखायचा कसा? तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? थोडक्यात, बाहेरची खूण सांगा. आपणही प्रोफाइल फोटो बघून हेच शोधतो ना!

भगवंतांचं उत्तर ५५ ते ७२ असं १८ श्लोक चालतं. त्यात कपडे नाहीत, रंग नाही, टिळा-माळसुद्धा नाही. दुःखात मन हलतं का, राग आणि भीती गेली का, एवढंच. म्हणजे आतलं बाहेर दिसतं, पण प्रसंग आला की. नुसतं बघून नाही.

आपल्या मावळातलं सुदुंबरे घ्या. तिथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. व्यवसाय तेलघाण्याचा, तेव्हा कपडे कसे असतील ते सांगायला नको. (आज लोणावळा लोकलमध्ये असे शेजारी बसले असते, तर आपण जरा सरकूनच बसलो असतो.) तुकोबांनी मात्र त्यांना आपल्या १४ टाळकऱ्यांत घेतलं. आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून वारकरी आजही याच तेल्याचं नाव घेतात.

उद्या २.५५ वाचू.