शील कोणाचे मोडले?



आपल्या घरांत पंचशील म्हटले जाते. पण तिसऱ्या शीलाचा अर्थ मुलांना सांगताना आपली जीभ अडखळते. आजचा पाठ त्याच शीलाचा आहे. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाने लहान मुलामुलीवर केलेला लैंगिक अत्याचार आपण 'घराची अब्रू' म्हणून झाकतो. तो झाकावा काय?

'आपल्यात असे होत नाही' असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी त्याआधी तोंड उघडले नव्हते.

आता थेरी उप्पलवण्णेची कथा पाहा. ती अंधवनात एकटी राहत असता एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला. तो तिचा मामेभाऊ होता, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. तिने ही गोष्ट पोटात ठेवली नाही, भिक्खुणींना सांगितली. ती तथागतांपर्यंत गेली. जिची संमती नाही तिच्याकडे दोष नाही, असा निर्णय त्यांनी दिला. पुढे पसेनदी राजाला सांगून भिक्खुणींसाठी नगरात निवासाची सोय करविली. दोन अग्रश्राविकांत उप्पलवण्णेचे नाव आजही घेतले जाते. म्हणजे संघाने तिचे ऐकले, तिला दोष दिला नाही आणि पुढची व्यवस्था केली. शील मोडले ते त्या तरुणाचे.

आपल्या काळात उलटे घडले. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 'मथुरा खटला' म्हणून तो ओळखला जातो. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून संमती होती, असा अर्थ काढला गेला. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. भीतीने गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे देशाला असे शिकावे लागले.

मग आपण काय करावे? आपल्या सांगोल्याकडे आईबाप कामासाठी बाहेरगावी जातात, मुले नातेवाइकांकडे राहतात. कोणी नको तिथे हात लावला तर तो काका असो, मामा असो की गुरुजी, येऊन सांगायचे, हे मुलांना आधीच शिकवा. मुलाने सांगितले तर प्रथम विश्वास ठेवा. 'तू तिथे का गेलीस?' असे विचारू नका. 'चूक तुझी नाही' हे वाक्य मोठ्याने बोला. तेच ते पुन्हा वदवून घेऊ नका. मुलीची शाळा बंद करू नका, घाईने लग्न उरकू नका. ती शिक्षा तिलाच होते. शाळा, मैत्रिणी, खेळ आणि न रागावणारे एक माणूस यांनीच मन हळूहळू सावरते. गरज पडल्यास मानसोपचाराचे डॉक्टर गाठा, त्यात कमीपणा नाही.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण आहे. गुन्हा माहीत असून न कळविणे हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, नाव छापता येत नाही. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी आहे. राज्याच्या २०१३ च्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळते.

भावकीत बसून मिटवामिटवी करणे ही करुणा नव्हे. ज्या घरात मूल निर्भयपणे बोलू शकते, त्या घरात तिसरे शील पाळले जाते.