क्रीडांगण आणि तरुणांचे मनःस्वास्थ्य

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणासारख्या गावात शेतकरी कुटुंबातील मुलांना श्रमाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. मग त्यांना खेळाची व व्यायामाची गरज काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मनाच्या आरोग्यात शोधावे लागते.

शेतातील श्रमांसोबत पिकाची, भावाची व कर्जाची चिंता असते. खेळात सवंगडी असतात, आणि आजची हार उद्या भरून काढता येते. परीक्षेतील वा नोकरभरतीतील अपयशाने खचणाऱ्या तरुणास ही शिकवण मोलाची ठरते. शिवाय नियमित व्यायामाने झोप सुधारते, मनावरील ताण हलका होतो व नैराश्याची लक्षणे कमी होण्यास साहाय्य होते, असे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम घडावयास हवा.

विदर्भाला व्यायामाची परंपरा नवी नाही. शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. कबड्डी, खो-खो, लेझीम यांस खर्चही अल्प लागतो.

तेव्हा दहावीच्या वर्षी खेळाचा तास इतर विषयांस देण्याचा मोह शाळांनी टाळावा. ग्रामपंचायतीने क्रीडांगण अतिक्रमणापासून राखावे आणि मुलींसाठी सोयीची वेळ ठरवून द्यावी.

मात्र व्यायाम म्हणजे उपचार नव्हे, याचेही भान हवे. नेहमी मैदानावर येणारा मुलगा अचानक येईनासा झाला, अबोल झाला, त्याची झोप व भूक मंदावली, तर त्यास आळशी ठरवू नये. शिक्षकांनी आपुलकीने विचारपूस करावी व पालकांना विश्वासात घ्यावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.