आधी पोरांना बघू द्या

खिडकीत एखादा पक्षी येऊन बसला की आपल्या घरात काय होतं? मूल ओरडतं, "आई, हे बघ!" आणि आपला हात आधी मोबाईलकडे जातो. फोटो मिळाला की तो कुठल्या ग्रुपवर टाकायचा, वर काय लिहायचं, हे सुरू होतं. मूल अजून खिडकीतच उभं असतं. पक्षी पाऊल टाकत चालत नव्हता, टुणटुण उड्या मारत होता, आणि दर उडीला शेपूट वर करत होता, हे त्याला सांगायचं असतं. आपण म्हणतो, "हो रे, एक मिनिट थांब."

हे आपल्या सगळ्यांकडेच होतं, आणि त्यामागे प्रेमच असतं. दिवसभराच्या धावपळीत मुलाचं कौतुक करायला तेवढीच दोन मिनिटं हाताशी असतात. गावाकडे आजी-आजोबा फोटोची वाट बघत असतात. शिवाय पोरगं टीव्ही सोडून खिडकीशी उभं आहे, हा आनंदच एवढा मोठा असतो की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांगावंच. फक्त आधी मुलाचं बघून होऊ द्यावं, आणि त्याचं सांगणंही आधी आपण ऐकावं, असं मला फार मनापासून वाटतं.

कारण आपल्याला कशाचं कौतुक आहे हे मुलं फार लवकर ओळखतात. काही दिवसांनी "तो काय खात होता?" हा प्रश्न मागे पडतो आणि "किती लाईक आले?" हा पुढे येतो. मग कावळा, साळुंकी, कबूतर यांच्याकडे बघण्यासारखं काही उरत नाही. फ्लेमिंगो हवेत, धनेश हवा. त्यातच कुणीतरी ग्रुपवर टाकतं, 'आमच्या आर्याने आज भिगवणला साठ पक्षी ओळखले', आणि आपल्या पोटात गोळा येतो. आपलं मूल मागे पडतंय का? रविवारी कुठे न्यायला हवं होतं का? आपण आठवडाभर इतके दमलेलो असतो की रविवारी पहाटे उठायचं नुसत्या विचारानेच जिवावर येतं.

तेव्हा एक गोष्ट सांगते, तिने मलाही धीर येतो. पक्षीविज्ञानाला आपल्या खिडकीतले कावळे-चिमण्याच हवे आहेत. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि त्यासाठी वापरलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी तीस हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांनी 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या आहेत. नोकरी, घर, शाळा सांभाळून पक्षी बघणारी माणसं त्यात आहेत. कुठली जात कमी होते आहे, कुठली टिकून आहे, हे कळायला साध्या पक्ष्यांची साधी मोजणीच लागते. आज एकही चिमणी दिसली नाही, हीसुद्धा माहितीच.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे, ईबर्डवर यादी भरायची. गच्ची चालते, शाळेचं मैदान चालतं. खातं आपल्या नावावर असू द्या, मोजणी मुलाची. कुकर होईपर्यंतच्या वेळात होणारं काम आहे. या यादीला लाईक मिळत नाहीत, तरी आपण मोजलेल्या चार साळुंक्या कुणाच्यातरी अभ्यासाला उपयोगी पडणार आहेत, हे कळल्यावर मुलं किती गंभीर होतात ते एकदा बघाच.

ओळख चुकण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. मुलगी मोठ्या हौसेने घरच्या ग्रुपवर लिहिते, 'आज मी हळद्या बघितला.' खाली काका हसरे चेहरे टाकतात, 'अगं, ही तर सुगरण!' काकांच्या मनात काही नसतं. पण पंचवीस नातेवाईक ते वाचतात, आणि पुढच्या वेळी ती काही सांगतच नाही. आपल्याला वाटतं, हिची आवड गेली. आवड कुठेही गेलेली नसते, तिला लाज वाटलेली असते.

म्हणून आमच्याकडे नाव शेवटी येतं. आधी रंग कुठे होता, चोच कशी होती, एकटा होता की जोडीने, हे सगळं लेकीच्या तोंडून. मग पुस्तक उघडायचं. तरीही ओळख पटली नाही, तर वहीत तसंच लिहायचं: 'ओळखता आला नाही.' यात कमीपणा काहीच नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे वटवट्या पक्षी इतके सारखे दिसतात आणि पानांत इतके चुळबुळत असतात की मुरलेले निरीक्षकही नोंद करताना 'वटवट्या, जात नक्की नाही' एवढ्यावर थांबतात. ईबर्डमध्ये त्यासाठी वेगळी सोयच आहे.

आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं काय झालं होतं? लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं तर सांगितलंच, वर पक्ष्यांच्या नमुन्यांनी भरलेले खण उघडून दाखवले. न ओळखलेल्या पक्ष्याला घेऊन आलेल्या त्या पोराला तिथे कुणी हसलं असतं तर? मला हा प्रश्न फार वेळा पडतो.

घरट्याचं मात्र आपण मोठ्यांनीच सांभाळायला हवं. गॅलरीतल्या कुंडीत शिंपी पक्ष्याने घरटं केलं, तर कितीही मोह झाला तरी लांबूनच बघावं. बघण्यासारखं पुष्कळ असतं. मादी पानाच्या कडेला चोचीने भोक पाडते, कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा तंतू त्यातून ओढते. गाठ मारत नाही. तंतूचं टोक पानाच्या बाहेर फुलतं आणि तेवढ्यावर टाका धरून राहतो. पण नीट फोटो यावा म्हणून आपण आडवं पान बाजूला केलं, की घरटं कावळ्याला दिसतं. सारखं जवळ गेलं की आई-बाप चारा चोचीत धरून तारेवर ताटकळत बसतात, आणि पिल्लं उपाशी राहतात. अंडी उबायला साधारण १२ दिवस, पुढे पिल्लं उडायला दोनेक आठवडे. तोवर फोटो थांबवता येतो. मुलं हे मोठ्यांपेक्षा नेटाने पाळतात. पाहुण्यांनाही दटावतात.

काही जातींना शिकारीचा, त्रासाचा धोका असतो. त्यांची नेमकी जागा ईबर्ड सगळ्यांना दाखवत नाही. आपल्या मुलांसाठीही एवढी काळजी घेऊ या. फोटोत शाळेच्या बॅजवरचं नाव, मागे सोसायटीची पाटी, 'रोज सकाळी साडेसहाला आम्ही तळ्यावर' हे वाक्य, यातलं काहीही अनोळखी माणसाला कळायची गरज नाही. आणि मुलाला विचारावं, "हा टाकू का?" झोपेतून उठलेले केस, नाइट ड्रेस, हे आपल्याला गोड दिसतं, त्याला नको असतं. "नको" म्हणालं तर नको. ते "नको" ऐकताना आपल्याला थोडं वाईट वाटतं, हेही खरंच.

मग आजीचं काय? आजीला मुलाच्या आवाजात निरोप पाठवा. फोटोपेक्षा त्यातून गप्पा जास्त रंगतात, कारण आजीकडे सांगण्यासारखं खूप असतं. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, हे तिच्याकडूनच ऐकावं. परवा माझ्या लेकीला आजी म्हणाली, "टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जोरदार." लेकीने लगेच मला विचारलं, "हे खरं आहे का?" मी म्हटलं, "आपण बघू या." खरं की नाही ते कळायला बरेच पावसाळे लागतील, आणि घरट्याजवळ न जाता, लांबूनच जागेचा अंदाज घ्यावा लागेल. तिने वहीत रकाने पाडले आहेत: तारीख, जागा, उंच की सखल, पाऊस किती. शेवटचा रकाना आजीने गावाहून फोनवर सांगून भरायचा आहे.