शब्दसूचीचा वर्णक्रम : मॅक्रो आणि लुआ यांची सांगड

प्राचीन मराठी ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीत शब्दसूचीला परिशिष्टाचे स्थान असते. परंतु अभ्यासकाचा ग्रंथात प्रवेश पुष्कळदा सूचीच्याच द्वारे होतो. क्रम चुकला की ग्रंथात असलेला शब्दही नसल्यासारखा होतो. सूची संगणकाकडून करून घेताना हा क्रम कोण ठरवतो, संपादक की यंत्र, हा प्रश्न म्हणूनच पाठचिकित्सेच्या कक्षेत येतो. टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीच्या संदर्भात त्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

१. दोन भाषांचे स्वभाव

डोनल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली टेक् ही प्रणाली मॅक्रोंवर चालते. मॅक्रो म्हणजे एका आज्ञेच्या जागी तिचा विस्तार ठेवणे. संहितेतील शब्द 'सूचीशब्द' आहे किंवा 'पाठभेद' आहे, एवढी खूण संपादकाने करावी. तिचे दृश्य रूप मॅक्रो ठरवतो. मात्र शब्दांची तुलना व वर्गवारी मॅक्रोंनी करणे अत्यंत क्लिष्ट होते. ब्राझीलमध्ये १९९३ साली निर्माण झालेली लुआ ही छोटी भाषा या कामास अनुकूल आहे. लुआटेक् या प्रणालीत (आवृत्ती १.०, २०१६) दोहोंचा संयोग झालेला आहे.

२. संयोगातील अडचणी

पहिली अडचण चिन्हांची. मॅक्रोच्या पोटात लिहिलेला लुआचा मजकूर आधी टेक् वाचते. टक्केचिन्ह लुआत भागाकाराची बाकी दर्शवते. टेक्‌मध्ये त्यापुढील ओळ टीप समजून गाळली जाते. यास्तव लुआचा भाग स्वतंत्र फाइलीत ठेवावा व मॅक्रोने केवळ शब्द तिच्याकडे सोपवावा, हे श्रेयस्कर.

दुसरी अडचण काळाची. टेक् परिच्छेद वाचते तेव्हा तो कोणत्या पृष्ठावर जाईल हे निश्चित झालेले नसते. 'डायरेक्टलुआ' ही आज्ञा तत्क्षणी अमलात येते, तर 'लेटलुआ' पृष्ठ पूर्ण होऊन बाहेर पडताना. पृष्ठांकाची नोंद पहिलीने केल्यास पृष्ठाच्या सीमेवरील शब्दांचे अंक चुकू शकतात. ती दुसरीनेच करावयास हवी. सूची अध्याय-ओवीच्या क्रमांकांनी केल्यास ही अडचण उद्भवत नाही.

३. 'ळ'चे स्थान

खरा प्रश्न यापुढचा. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. लुआला वेगळा नियम न दिल्यास कलह, कळस, कवन, कस असा क्रम मिळतो. परंपरेनुसार तो कलह, कवन, कस, कळस असा हवा. 'क्ष' युनिकोडमध्ये एक वर्ण नसून क, हलन्तचिन्ह व ष अशी तीन चिन्हे आहेत; त्यास वर्णमालेप्रमाणे अखेरीस ठेवावयाचे तर आधी ती एकत्र ओळखावी लागतात. उलट, 'क'च्या जोडाक्षरांत ठेवणेही समर्थनीय आहे. लुआच्या वर्गवारीला तुलनेचा नियम देता येतो. त्यात प्रत्येक वर्णाला संपादकाने नेमलेला अनुक्रमांक द्यावा.

नियम दिला नाही तरी सूची तयार होतेच, आणि सुबकही दिसते. म्हणूनच दोष लक्षात येत नाही. तात्पर्य, वर्णक्रमाचा नियम आधी प्रस्तावनेत नोंदवावा आणि लुआच्या फाइलीत तोच उतरवावा. पुढील संपादकाला दोन्ही ताडून पाहता येतील, आणि मतभेद असल्यास संहितेला हात न लावता क्रम बदलता येईल.