नसलेल्या बत्तीस सीटांचा विमा

दिंडोशी डेपोवरून फिल्मसिटी रोडला लागलात की रस्त्याकडेला काळ्या काचांच्या पांढऱ्या लांबट गाड्या दिसतात. आत कोण बसलंय म्हणून येणारे-जाणारे माना वळवतात. त्यातल्या एका गाडीचा मी मालक, आणि मला तिच्या आतल्या नटापेक्षा तिच्या विम्याची तारीख जास्त आठवते.

चित्रनगरी १९७७ पासून आमच्या शेजारी आहे. व्हॅनिटी व्हॅन मात्र नव्वदच्या दशकातली. हिंदी सिनेमात ती रुजवली अभिनेत्री पूनम ढिल्लों यांनी. मी या धंद्यात फार उशिरा, जून २०१७ मध्ये उतरलो. एका कारखान्याची २०१५ मॉडेलची ३२ सीटांची स्टाफ बस साडेसात लाखांना घेतली, गॅरेजात नऊ लाख ओतले आणि टू-डोअर व्हॅनिटी उभी केली. मध्ये पार्टिशन, दोन मेकअप रूम, दोन टॉयलेट, दोन एसी, मागे जनरेटर. उपटलेल्या सीटा भंगारात गेल्या. दोन जणांची एक सीट तेवढी आमच्या नागरी निवाऱ्यातल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनला दिली. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

धंदा कसा करायचा ते सेटवर शिकलो. विमा कसा काढायचा ते नुकसान सोसून शिकलो. त्याच शिकवणीची ही वही.

१. विमा आरसी बुकातल्या गाडीचा असतो

रस्त्यावर माझी व्हॅनिटी उभी होती. आरसी बुकात मात्र बसच उभी होती, सीटिंग ३२. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो, कुठल्याही कंपनीत जा, तोच. जून २०२२ पासूनच्या दराप्रमाणे शाळा-कॉलेजची नसलेली बस असेल तर मूळ हप्ता १४,३४३ रुपये आणि वर दर प्रवाशामागे ८७७. आता ३२ गुणिले ८७७ करा: २८,०६४. एकूण ४२,४०७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे भंगारवाल्याने वितळवलेल्या सीटांवर बसणाऱ्या, कधीच न येणाऱ्या बत्तीस प्रवाशांचे पैसे मी भरत होतो. एवढे भरूनही खऱ्या गाडीला संरक्षण नव्हतं, कारण खरी गाडी कागदावर कुठेच नव्हती.

२. करवत चालवण्याआधी कलम ५२ वाचा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने दिलेला तपशील आणि आरसीतला तपशील यांत फरक पडेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली, किंवा दोन्ही.

डेपोसमोरच्या टपरीवर हे बोलताना एकाने विचारलं, "मग एसटीने लॉकडाऊनमध्ये जुन्या बसच्या सीटा काढून मालट्रक केले, ते कसे चालले?" प्रश्न बरोबर आहे. पण एसटी हा सरकारी उपक्रम. तिच्यासारख्या उपक्रमांना स्वतःचा निधी राखून सक्तीच्या विम्यातूनही सूट मिळू शकते, तशी तरतूद कलम १४६ मध्येच आहे. माझा निधी म्हणजे बायकोची भिशी. आपण एसटी नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करावं.

३. 'चालतंय' हा शब्द पॉलिसीत छापलेला नसतो

पहिल्या वर्षी मी एजंटला गाडी आतून दाखवली. त्याने सोफ्यावर बसून एसीची हवा घेतली आणि म्हणाला, "साहेब, चालतंय. सगळे असंच करतात." मी निर्धास्त झालो. पुढे गरज पडली तेव्हा तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि त्याचं 'चालतंय' त्याच्याबरोबर गेलं होतं.

आता मी एकच करतो. गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढतो आणि 'ही गाडी अशी आहे, तिचा वापर असा होतो, भाड्याने जाते' एवढं ईमेलने कंपनीला कळवतो, एजंटला नव्हे. उत्तर येईपर्यंत पैसे भरत नाही. प्रपोजल फॉर्मही स्वतः भरतो. कोऱ्या फॉर्मवर सही देण्याची सवय मला बरीच महाग पडली.

४. आतल्या सामानाची वेगळी यादी द्या

बस विकत घेताना जे तिच्यात नव्हतं, ते पॉलिसीत आपोआप येत नाही. एसी, फ्रिज, टीव्ही, आरशाभोवतीचे दिवे ही सगळी 'इलेक्ट्रिकल फिटिंग', आणि त्यांच्यासाठी आयएमटी-२४ नावाचं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा हप्ता किमतीच्या ४ टक्के. माझं असं सामान तीन लाखांचं, म्हणजे वर्षाला १२ हजार. एजंट म्हणाला, "कशाला उगाच?" मीही म्हणालो, कशाला उगाच. पाच वर्षांत ६० हजार वाचवले. त्या बचतीचं काय झालं ते सातव्या मुद्द्यात.

५. सगळ्या कागदांना मुदतवाढ मिळाली म्हणजे विम्याला मिळाली असं नाही

१९ मार्च २०२० ला शूटिंग बंद झालं. व्हॅनिटी झाडाखाली उभी राहिली, बॅटऱ्या उतरल्या. केंद्राने फिटनेस, परमिट, लायसन्स, रजिस्ट्रेशन यांच्या मुदती वाढवल्या, पुढे वाढवतच नेल्या. माझी पॉलिसी जूनमध्ये संपत होती. मी समजलो, तीही त्यातच आली. ती आली नव्हती. थर्ड पार्टी विम्याची सवलत फक्त २५ मार्च ते ३ मे दरम्यान संपणाऱ्या पॉलिसींना होती आणि त्यांनाही १५ मेपर्यंतच पैसे भरायचे होते.

हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, पुन्हा शूटिंगचा कॉल आला तेव्हा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की 'नो क्लेम बोनस' जातो. तीन वर्षं एकही क्लेम न करता माझा बोनस ३५ टक्क्यांवर पोचला होता, तो शून्यावर आला. वर 'ब्रेक-इन', म्हणजे विम्यात खंड पडला म्हणून तपासणी लागली. तपासणीला आलेल्या मुलाने दार उघडून आत पाहिलं, मग आरसीकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, बस कुठाय?"

त्या दिवशी दोन कंपन्यांनी नाही म्हटलं. तिसरीने बाहेरून फोटो काढून पॉलिसी दिली. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तीच माझी चूक होती.

६. पन्नास रुपयांची ओळ सोडू नका

पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्याबाबतची मालकाची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत जोडून घेता येते. टॅरिफमध्ये माणशी ५० रुपये. माझ्या पॉलिसीत दोन वर्षं ती ओळ नव्हती आणि मला पत्ता नव्हता. सुदैवाने गरज पडली नाही. जनरेटर सांभाळणाऱ्या पोराचं काय, हा प्रश्न मात्र वेगळा आणि आधी विचारायचा. तो गाडी चालवत नाही, म्हणून त्या ओळीत बसेलच असं नाही.

७. आग लागली की आधी माणसं, मग वीज, मग फोटो

नोव्हेंबर २०२२, रात्रीची शिफ्ट. पहाटे तीनच्या सुमाराला ड्रायव्हरचा फोन आला, "दादा, वरून धूर येतोय." मी पोचलो तोवर स्पॉटबॉयनी दोन फायर एक्स्टिंग्विशर रिकामे केले होते. आत कोणी नव्हतं, हे पहिलं नशीब. टॉर्च मारला तर छताची पॅनल वितळून खाली लोंबत होती, प्लायच्या पापुद्र्यांना जळक्या फेव्हिकॉलचा वास येत होता. आरशाभोवतीच्या बारा बल्बांपैकी एक शाबूत होता. का कोण जाणे, मी तो काढून खिशात ठेवला.

त्या रात्री एक शहाणपण केलं. काहीही उचलू दिलं नाही. प्रॉडक्शनवाले म्हणत होते, सकाळच्या शिफ्टआधी गाडी हलवा. मी आधी सगळीकडून फोटो काढले, विमा कंपनीला कळवून क्लेम नंबर घेतला, मग हलवली. फायर ब्रिगेडचा दाखला आणि पोलिसांत नोंद, दोन्ही त्याच दिवशी.

क्लेम फॉर्ममध्ये 'कारण' अशी एक रिकामी जागा असते. वायरमन म्हणाला, "लिहा, शॉर्ट सर्किट." हे जपून. मोटार पॉलिसीत विजेचा बिघाड झाकलेला नसतो, पण आग झाकलेली असते, गाडीने आपणहून पेट घेतला तरीही. जळालेली वायर एका खात्यात, तिच्यामुळे जळालेलं छत दुसऱ्यात. म्हणून निदान करायला जाऊ नये. जे पाहिलं तेच खरं आणि क्रमाने लिहावं: आधी कुठून धूर, मग कुठे जाळ, किती वाजता, कोणी विझवला.

८. सर्व्हेअरचं गणित आधी घरी करून पाहा

दुरुस्तीचा अंदाज निघाला ५ लाख ८० हजार. सर्व्हेअर शांत माणूस होता. त्याने पेन काढलं आणि एसी, फ्रिज, सोफे, आरसे, पाण्याचा पंप, सगळ्यावर एक आडवी रेघ मारली. "हे पॉलिसीत नाही." ३ लाख ७० हजार त्या एका रेघेखाली गेले. वाचवलेले ६० हजारही त्याच रेघेखाली.

उरले २ लाख १० हजार. त्यातली मजुरी ६० हजार, तिला घसारा नाही. प्लास्टिक-रबर ३० हजारांचं, त्यावर ५० टक्के घसारा, राहिले १५. पत्रा आणि लाकूड १ लाख २० हजारांचं. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला त्यावर ४० टक्के घसारा, राहिले ७२. बेरीज १ लाख ४७ हजार. भंगाराची किंमत आणि मालकाने सोसायचा ठरावीक हिस्सा मिळून ७ हजार गेले. राहिले १ लाख ४० हजार.

सर्व्हेअरवर चिडून उपयोग नव्हता. हे सगळे टक्के माझ्याच पॉलिसीत छापलेले होते, पाचवं पान, बारीक अक्षर. ते पान मी पहिल्यांदा उघडलं ते आगीनंतर.

९. नकाराचं पत्र म्हणजे निकाल नव्हे

दोन महिन्यांनी पत्र आलं. गाडीत फेरफार केला, कळवला नाही, म्हणून क्लेम पूर्ण नामंजूर. मी पत्र घडी करून देवघरात ठेवलं. बायकोने काढलं. "अहो, देव काय करणार यात? उत्तर लिहा."

उत्तर लिहायला बसलो तेव्हा आमचे हिशेब बघणाऱ्या वकिलांनी एक गोष्ट सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून विमा नाकारलेल्या एका प्रकरणात, अटीचा भंग झाला तरी सगळंच नाकारू नये, 'नॉन-स्टँडर्ड' धरून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, असं म्हटलं होतं. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं. महिनाभर वाट पाहिली. मग बीमा लोकपाल. त्यांचं मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही, छोट्या एकट्या व्यावसायिकालाही जाता येतं, पण नकारानंतर वर्षाच्या आत.

सुनावणीला मी जाडी फाईल घेऊन गेलो. मला विचारलं एवढंच, "गाडी बदलली हे कंपनीला लेखी कळवलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." खोटं बोलायचं मन झालं होतं, पण फाईलच माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. निकाल आला: १ लाख ४० हजारांचे ७५ टक्के, १ लाख ५ हजार. आनंद झाला आणि लाजही वाटली. जे मिळालं ते कायद्याने मिळालं, जे गेलं ते माझ्या सहीने गेलं.

१०. दुसरी गाडी आधी कागदावर बांधा

जुनी बस मी विकली, विकताना सगळं लिहून दिलं. २०२४ मध्ये दुसरी घेतली ती उलट्या क्रमाने. आधी मान्यताप्राप्त बॉडीबिल्डर शोधला, ज्याच्या डिझाइनला मंजुरी होती. राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे मोटार कॅराव्हॅनसाठी, एआयएस-१२४ हे मानकच आहे. मग नवी चॅसी, मग बॉडी, मग पहिल्या नोंदणीपासूनच आरसीत खरा वर्ग. गाडी तीन महिने उशिरा मिळाली, दोन मालिकांची कामं हातची गेली. पण विमा 'मिसलेनियस अँड स्पेशल टाइप' वर्गात निघाला. त्या वर्गाचा थर्ड पार्टी हप्ता ७,२६७ रुपये. ४२,४०७ शेजारी ठेवून पाहा. फिटिंगची यादी आयएमटी-२४ खाली, ड्रायव्हरची ओळ आत, संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने. तो जळता जळता वाचलेला बल्ब नव्या आरशाला लावलाय. चालतो.

परवा पॉलिसी घेऊन येताना गेटवर थांबलो. वॉचमन त्या जुन्या सीटवर पाय लांब करून बसला होता, रेक्झिन फाटलंय, स्पंज बाहेर आलाय. मी हिशेब केला. दोन माणसांची सीट, शेवटच्या वर्षीच्या दराने १,७५४ रुपये. त्या अख्ख्या बसमध्ये मी भरलेला हप्ता खरोखर कोणाच्या उपयोगी पडला असेल तर याच्या. त्याला सांगितलं तर तो उठून उभा राहिला आणि सीट झटकत म्हणाला, "मग साहेब, नवं कव्हर पण घालून द्या."