दोन अक्षांचा आलेख: एका गुणकाने जुळवा, मॅक्रोने पक्का करा



भूगोलाच्या तासाला आपण एखाद्या शहराचा हवामान आलेख काढतो. पावसाचे स्तंभ, तापमानाची रेषा. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे अंश सेल्सिअस. वहीत काढताना प्रमाण आपण ठरवतो. एक्सेलमध्ये काढताना मात्र ते एक्सेल ठरवतं, आणि दोन्ही अक्षांचं वेगवेगळं ठरवतं. आजचा पाठ त्याबद्दल आहे: हे दोन अक्ष एकमेकांशी कसे जुळवायचे, आणि तेच काम दहा आलेखांवर करायचं असेल तर मॅक्रो कसा वापरायचा.

आधी अडचण समजून घेऊ

नागपूर घ्या. जुलैचा सरासरी पाऊस ३०० मिमीच्या आसपास. महिन्यांचं सरासरी तापमान थंडीत साधारण २१ अंश, मे महिन्यात साधारण ३५ अंश. एक्सेल बहुधा पावसाचा अक्ष ० ते ३५० करेल, ५० च्या पायरीने. म्हणजे ७ भाग. तापमानाचा ० ते ४०, ५ च्या पायरीने. म्हणजे ८ भाग. आडव्या रेषा डावीकडच्या आकड्यांना जुळतात, उजवीकडच्यांना नाही. मुलगा पट्टी लावून तापमान वाचायला जातो आणि गोंधळतो.

आता शेजारी तिरुवनंतपुरमचा आलेख ठेवा. तिथं महिन्यांचं सरासरी तापमान वर्षभर साधारण २६ ते २९ अंशांच्या आत असतं. रेषालेखात सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान किमतीतला फरक मोठ्या किमतीच्या एक षष्ठांशाहून कमी असला, तर एक्सेल आपणहून अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. त्यामुळे हा अक्ष पंचविसाच्या आसपास सुरू होतो. परिणाम काय? नागपूरचा १४ अंशांचा फरक आलेखाच्या जेमतेम एक तृतीयांश उंचीत मावतो, आणि तिरुवनंतपुरमचा दोन-अडीच अंशांचा फरक जवळजवळ अर्धी उंची व्यापतो. मुलांना विचारा, "तापमान कुठे जास्त बदलतं?" ती आलेखाकडे बघून तिरुवनंतपुरम म्हणतील. मुलांचं चुकलं नाही, त्यांनी जे दिसलं ते वाचलं. समुद्रकाठचं सम हवामान शिकवायला काढलेल्या आलेखाने नेमकं उलटं शिकवलं!

उपाय: एकच गुणक

अक्ष जुळलेत असं कधी म्हणायचं? दोन अटी आहेत.

१. दोन्ही अक्षांचं शून्य एकाच उंचीवर हवं.
२. दोन्ही अक्षांचे भाग सारखे हवेत, म्हणजे आडवी रेषा दोन्हीकडे आकड्यावर टेकते.

या दोन्ही अटी एका युक्तीने पूर्ण होतात. तापमानाच्या अक्षाचे तीन आकडे ठरवा: किमान, कमाल आणि पायरी. या तिन्हींना एकाच संख्येनं गुणा. आले ते पावसाच्या अक्षाचे आकडे. नागपूरसाठी ०, ४०, ५ आणि गुणक १० घेतला, तर पावसाचे ०, ४००, ५०. दोन्हीकडे ८ भाग. मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर जुलैचा सरासरी पाऊस ८०० मिमीच्या वर जातो. तिथं ०, ५०, १० आणि गुणक २० घ्या, पावसाचे ०, १०००, २०० होतील. दोन्हीकडे ५ भाग. सातवीच्या मुलालाही कळेल असं हे गुणोत्तर-प्रमाण आहे.

एक पथ्य मात्र पाळा. दोन शहरांची तुलना करायची असेल तर दोघांनाही तेच आकडे आणि तोच गुणक ठेवा. नागपूर १० ने आणि मुंबई २० ने काढून शेजारी लावली, तर मुंबईचे स्तंभ निम्म्याहूनही आखूड दिसतील.

मॅक्रो कसा करायचा

हातानं सहा आकडे भरायला दोनच मिनिटं लागतात. पण बारा शहरं असली की बहात्तर आकडे, आणि त्यातला एक तरी चुकतोच. म्हणून मॅक्रो.

१. तापमानाच्या रेषेवर राइट क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्ये 'सेकंडरी ॲक्सिस' निवडा. हे प्रत्येक आलेखात आधीच केलेलं हवं, नाहीतर मॅक्रो दुसरा अक्ष शोधताना अडेल.
२. शीटच्या रिकाम्या जागी, समजा एच स्तंभात, एकाखाली एक चार आकडे लिहा: किमान, कमाल, पायरी, गुणक. शेजारच्या आय स्तंभात पहिल्या तिघांचा गुणकाशी गुणाकार सूत्राने काढा.
३. आलेखावर क्लिक करा आणि मगच 'डेव्हलपर' टॅबवरून 'रेकॉर्ड मॅक्रो' सुरू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आलेख आधी निवडला तर मॅक्रो "जो आलेख निवडलेला असेल तो" असं लक्षात ठेवतो. नंतर निवडला तर त्याच एका आलेखाला चिकटून बसतो.
४. डावा अक्ष निवडून 'फॉरमॅट ॲक्सिस'मध्ये मिनिमम, मॅक्सिमम आणि मेजर युनिट टाइप करा. मग उजव्या अक्षाचं तसंच. आधीचा आकडा बरोबर दिसला तरी पुन्हा टाइप करा. रेकॉर्डिंग थांबवा.
५. ऑल्ट आणि एफ ११ दाबून मॅक्रो उघडा. सहा ओळींत बरोबरच्या चिन्हापुढे तुम्ही टाइप केलेले आकडे दिसतील. त्यांच्या जागी सेलचे पत्ते घाला. डाव्या अक्षाला आय स्तंभातले, उजव्याला एच स्तंभातले.
६. फाइल 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणून सेव्ह करा. साध्या प्रकारात सेव्ह केली तर मॅक्रो जातो.

आता कोणताही आलेख निवडा, मॅक्रो चालवा, अक्ष जुळले. मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने मागे घेता येत नाही, तेव्हा आधी फाइलची एक प्रत ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर आलेली मॅक्रोची फाइल तशीच उघडू नका. ओळखीच्या माणसानं पाठवली असली तरी आधी त्याला विचारा.

गुणक कोणता घ्यायचा?

मॅक्रो अक्ष जुळवतो. गुणक मात्र आपणच ठरवायचा असतो. नागपूरचाच आलेख गुणक १० ने आणि २० ने काढा. स्तंभ आणि रेषा एकमेकांना वेगवेगळ्या ठिकाणी भेटतील. म्हणून "पाऊस तापमानाच्या वर गेला" या वाक्याला एरवी काहीच अर्थ नाही. मिलिमीटर आणि अंश यांची तुलनाच होत नाही.

अपवाद गुणक २ चा. फ्रेंच अभ्यासक बान्यूल आणि गोसाँ यांनी १९५३ मध्ये कोरड्या महिन्याची एक कसोटी मांडली: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला आणि तो सरासरी तापमानाच्या दुपटीएवढा किंवा कमी असला, तर तो महिना कोरडा. या गुणकावर आलेख काढला की रेषेखाली राहिलेला स्तंभ म्हणजे कोरडा महिना. इथं भेटीच्या जागेला खरा अर्थ आहे.

अडचण एकच. तापमान ० ते ५० घेतलं तर पाऊस १०० वर संपतो, आणि आपल्या जुलैचा स्तंभ वर कापला जातो. वॉल्टर आणि लीथ यांच्या हवामान आलेखांत म्हणूनच १०० मिमीच्या वरचं प्रमाण दहापट आखडलेलं असतं. आपण सोपी वाट धरू. स्तंभ कापू द्या, त्याच्या आत तळाशी खरा आकडा दाखवा, आणि "कापलेला स्तंभ" अशी टीप लिहा.

तापमान शून्याखाली गेलं तर?

लेहचं उदाहरण घ्या. किमान −१०, कमाल ३०, पायरी १०, गुणक २. पावसाचा अक्ष −२० ते ६० होईल. शून्य जुळलं, पण उणे पाऊस कसा दाखवायचा? अक्षाच्या 'नंबर फॉरमॅट'मध्ये शून्य, दोन अर्धविराम, शून्य असं लिहा. उणे आकडे लपतात.

वर्गासाठी आणि घरासाठी

एकाच शहराचे दोन आलेख वेगळ्या गुणकाने छापा, शहराचं नाव झाका आणि मुलांना विचारा, "ही दोन शहरं आहेत की एकच?" वाद होऊ द्या. मग आकड्यांचा तक्ता दाखवा.

पालकांनी वर्तमानपत्रातला दोन अक्षांचा आलेख मुलांसोबत वाचावा. तीनच प्रश्न पुरेत. डावा अक्ष शून्यापासून आहे का? उजवा आहे का? आणि एका बाजूची एक पायरी म्हणजे दुसऱ्या बाजूचे किती? तिसऱ्याचं उत्तर देता आलं की मुलाला आलेख वाचता आला.